राखलेला नंबर

लिफ्टमध्ये माणसं असतात. मधल्याच एका मजल्यावर ती थांबते, दार उघडतं. बाहेर कुणी नसतं. तरी आतली माणसं जराशी सरकून जागा करतात.

शिंप्याच्या दुकानात तीन आरसे असतात, एकमेकांकडे कलते लावलेले. मधल्यात आपण दिसतो. बाजूच्यात आपली पाठ दिसते, आणि ती कुण्या दुसऱ्याचीच वाटते.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकवणारा घरी सोफ्यावर बसला तरी पाय दाबतच राहतो.

दातांच्या डॉक्टरकडे माणूस खुर्चीत आडवा झाला की आधी खांदे वर चढतात. तोंड मागाहून उघडतं.

नवं गवत पेरलं की भोवती दोरी बांधतात. आत पाय ठेवायचा नाही. पाखरं ठेवतात, त्यांना कोण सांगणार.

*

यातली लिफ्ट तिच्या नवऱ्याची. तो लिफ्ट तपासणारा इन्स्पेक्टर. आरसे मामांचे, म्हणजे नवऱ्याच्या मामांचे. त्यांचं जुने कपडे बेतून द्यायचं दुकान होतं. ब्रेक ताईंचा. ताई म्हणजे थोरली नणंद, गाडी शिकवायच्या. खुर्ची तिची स्वतःची, ती डेंटिस्ट. आणि गवत त्या मैदानाचं, जिथं हे चौघं दर रविवारी सकाळी गोल्फ खेळायला जायचे.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं इथं काही नव्हतं. गावाच्या कडेला, पाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या भिंतीला लागून, नऊ भोकांचं मैदान. ऑफिसच्या बुटांनी खेळलं तरी कुणी हटकायचं नाही. एक पत्र्याची शेड, तिच्यात गंजके लॉकर आणि चहाची किटली. शेडच्या दारावर पाटी: एका गटात चारच. या चौघांची खेळायची रांग कधीपासूनची ठरलेली. आधी नवरा, मग ताई, मग मामा, शेवटी ती.

तिचा खेळ वाईट होता, पण दुखणं ते नव्हतं. ताईही वाईटच खेळायच्या आणि खुशाल हसायच्या. हिला मात्र प्रत्येक चेंडू मनाला लागायचा. आठवडाभर ती लोकांच्या तोंडात वाकून बघायची. एवढी एक सकाळ अशी, जेव्हा मान वर करून लांबवर बघायला मिळायचं. आणि तीच सकाळ ती दात-ओठ खाऊन घालवायची. स्टिक अशी आवळून धरायची की घरी परतताना बोटं सरळ व्हायची नाहीत. फटका चुकला की स्वतःला शिव्या, जमला की हा कसा काय जमला म्हणून संशय. नवरा म्हणायचा, तुझा रविवार नासतो तो नासतो, वर माझाही. ती सोडायच्या बेतात होती. पण सोडलं असतं तर आठवड्यात स्वतःचं म्हणावं असं काहीच उरलं नसतं, हेही तिला कळत होतं.

मामा तिच्या मागे उभे राहून खांद्याचं माप घेतल्यासारखं बघायचे. म्हणायचे, सूनबाई, खांदे दोन बोटं वर चढलेत, कानाशी काही बोलायचंय का त्यांना? कधी म्हणायचे, दाढ उपटायला निघालीस की खेळायला? आणि एक तर नेहमीचंच.

"डोळ्यांत तेल घालून कशाला बघतेस त्याच्याकडे? तो काही पळून जात नाही. तू बघू नकोस. तो दिसू दे."

तिला हे कधी कळलं नाही. ती म्हणायची, मामा, बघणं आणि दिसणं यात फरक काय? मामा म्हणायचे, माझ्या दुकानात ये, मधला आरसा सोडून बाजूच्यात उभी राहा, मग सांगतो. ती गेली नाही. जायचं राहिलं. मामा एका दुपारी दुकानातच, कुणाच्या तरी कोटाची बाही मांडीवर घेऊन, खुर्चीत झोपले ते झोपलेच.

*

त्या मैदानावर एक पद्धत होती. नव्या माणसाला ती कुणी आवर्जून सांगत नसे. वेळ आली की कळायची.

गटातला कुणी गेला तर त्याचा नंबर राखायचा. त्याच्या जागी लगेच दुसरा घ्यायचा नाही. त्याचा नंबर आला की बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. तो जेवढा वेळ लावायचा तेवढा वेळ. मग पुढच्याने मारायचं. असं गवत बदलेपर्यंत. वर्षातून एकदा भोकांभोवतालचं जुनं गवत काढून नवं पेरायचे, दोऱ्या बांधायचे. दोऱ्या सुटल्या की राखण संपली. मग नवा माणूस घ्यायचा, आणि गेलेल्याचं नाव खेळताना काढायचं नाही.

पहिल्या रविवारी तिघांनाही अवघडल्यासारखं झालं. नवऱ्याने मारलं, ताईंनी मारलं, आणि मग तिघं उभे. नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. ताईंचा पाय ब्रेक दाबत होता. मामांना वेळ लागायचा, हे तिघांनाही पाठ होतं. ते आधी कॉलरच्या शिवणीवरून अंगठा फिरवायचे, मग चेंडूशी उभे राहायचे, मग "हं" करून एक श्वास सोडायचे, जणू कापड बेतून झालं, आता कात्री. तेवढा सगळा वेळ हे तिघं उभे राहिले.

त्या वेळात तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. तिने काही केलं नाही. प्लांटच्या टाकीत पाणी पडत होतं, ते ऐकू आलं. मानेवर वारा होता. तळव्यांखाली जमीन जराशी उतरती होती, डावीकडे; इतकी वर्षं ती तिथं उभी राहत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. खांदे कधी उतरले कळलं नाही.

मग तिचा नंबर. ती चेंडूशी गेली, आणि चेंडू दिसला. त्याच्यावरचे बारीक खळगे, एका खळग्यात दव, खाली वाकलेलं गवताचं एक पातं. तिने मारला असंही म्हणता येणार नाही. स्टिक गेली आणि चेंडू निघाला. उंच, सरळ, न घाबरता. तो खाली येईपर्यंत तिने पाहिला, आणि खाली आला तेव्हा आपण इतका वेळ हसत होतो हे तिच्या लक्षात आलं.

"अगं," नवरा म्हणाला.

*

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिला आता शनिवारीच हुरूप यायचा. पेशंटच्या दाढेत ड्रिल चालवताना ती मनात गुणगुणायची. आधी तिला वाटलं की शोकामुळे आपण हळव्या झालोय, म्हणून हात हलका पडतोय. तसं नव्हतं. ती शांतता होती. मामांच्या नंबराची ती मोकळी जागा थेट तिच्या नंबराला लागून होती, आणि तिच्यातून चालत गेलं की पलीकडे खेळ होता. इतकं सोपं.

मग एकदा तिला "हं" ऐकू आलं.

मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीत कुणी उशी झटकावी तेवढं. लगोलग स्टिक फिरल्याची सुरसुर. तिने चमकून मान उचलली तर नवरा आणि ताई दोघंही वर बघत होते. दोघांच्या माना एकाच वेगाने डावीकडून वर गेल्या, वरून खाली आल्या, आणि झुडपांच्या कडेला थांबल्या. मामांचा चेंडू नेहमी जायचा तिथं. मग दोघांनीही नजर काढून घेतली, जणू काही नाहीच.

चालताना नवरा वाट वाकडी करून झुडपांशी गेला, तिथं जरा थांबला, आणि परत आला. तिने विचारलं, काय होतं? तो म्हणाला, काही नाही, बुटात खडा होता.

आणखी काही आठवड्यांनी ताई हळूच म्हणाल्या, "मामा हल्ली सरळ मारतायत."

एरवी यावर तिघंही खो-खो हसले असते.

*

दोऱ्या बांधल्या, दोऱ्या सुटल्या. नवं गवत इतकं हिरवं होतं की डोळ्यांना रंग लागेलसं वाटायचं. चौथा माणूस आला. नवऱ्याच्या ओळखीतला, जमिनी मोजणारा सर्व्हेअर. मोठा गोड माणूस. येताच त्याने ताईंना विचारलं, तुमच्या शाळेत शिकलेल्यांपासून लांब राहायचं असेल तर कुठल्या रस्त्याने यावं? ताई खूश. त्याला मामांचा नंबर मिळाला. नवरा, ताई, सर्व्हेअर, ती.

त्या पहिल्या सकाळी सर्व्हेअरने मारलं आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. मधे काही नव्हतं. ती घाईघाईने पुढे झाली, चेंडूकडे डोळे फाडून पाहिलं, आणि खांदे पार कानाशी. चेंडू प्लांटच्या भिंतीवर आपटला. नवरा काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं तिला बोलण्याहून जास्त झोंबलं. एका फटक्यात सगळं मागे गेलं होतं. दात-ओठ, आवळलेली बोटं, नासलेला रविवार.

दुसऱ्या भोकापाशी सर्व्हेअरचं झाल्यावर ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. नाडीला काही झालं नव्हतं. ती कॉलरची शिवण, अंगठा, उभं राहणं, सगळं मनात होऊ देत होती. नाडी बांधून व्हायच्या आत "हं" आलं. सुरसुर आली. ती उठली आणि तिने मारलं. चेंडू असा गेला की सर्व्हेअरने टोपी काढली.

राखण संपली म्हणजे सोडायचं, हे तिला माहीत होतं. तिने सोडलं नाही. कुणाचं काय जातंय? कधी नाडी, कधी हातमोजा, कधी उगाच आभाळाकडे बघणं. कुणाला पत्ता लागायचा नाही. आणि ती इतकं सुंदर खेळत होती.

*

एका गटात चारच, असं पाटीवर होतं. ती पाटी तिने रोज वाचली असती तरी तिला त्यात काही दिसलं नसतं.

*

आधी बारीकसारीक झालं. ती हातमोजा काढून घालत असायची तोवर नवरा चालायला लागलेला असायचा. एकदा ती चेंडूशी उभी असताना सर्व्हेअर समोरून निघून गेला, आणि तो कधीही असा वागणारा नव्हता. एरवी तो दुसऱ्याच्या सावलीवरसुद्धा पाय देत नसे. एकदा ताई म्हणाल्या, "चला, चौघांचं झालं," आणि बॅग उचलून निघाल्या. हिला अजून मारायचं होतं. तिला वाटलं, बोलण्याच्या नादात ताई चुकल्या.

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. कुणी बघत नव्हतं. चांगला मारला म्हणून कुणी म्हणत नव्हतं, वाईट मारला म्हणून कुणी गप्प राहत नव्हतं. ती होती, चेंडू होता, आणि पाठीशी तो श्वास. कान इतके तयार झाले होते की चेंडू भोकात पडण्याआधी गवतावर कसा मंदावतो तेही तिला ऐकू यायचं. याहून जास्त सुख खेळात असू शकेल असं तिला वाटत नव्हतं.

मग दवाखान्यात एक पेशंट खुर्चीत आडवा झाला, खांदे वर चढले, तोंड उघडलं. तिने छोटा आरसा आत घातला. पेशंटने छताकडे बघत जांभई पुरी केली, तोंड मिटलं, आरसा दातावर वाजला. तो उठून बसला आणि दारातून रिसेप्शनिस्टला विचारलं, डॉक्टरांना अजून वेळ आहे का? रिसेप्शनिस्ट बाहेरून म्हणाली, येतीलच इतक्यात.

ती हातात आरसा घेऊन त्याच्या कोपराशी उभी होती. ती खाकरली. पेशंट दचकला, ओशाळून हसला, म्हणाला, तुम्ही कधी आलात?

घरी, संध्याकाळी, ती दिव्याखाली वाचत बसलेली असताना नवऱ्याने येऊन दिवा मालवला. ती म्हणाली, मी वाचतेय. त्याने दिवा पुन्हा लावला आणि बल्बकडे बघत राहिला, सैल झालाय का म्हणून. मग त्याची नजर खाली आली.

"तू होतीस होय," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, चेष्टा नव्हती. तेच तिच्या छातीत जाऊन बसलं. ती त्याच्या जवळ जाऊन उभी राहिली, त्याचा हात हातात घेतला. हात गरम होता. त्याने तो सोडवून घेतला नाही. पण थोड्या वेळाने त्याच हाताने खिडकी लावायला तो उठला, आणि तिचा हात हवेत राहिला.

*

धुकं होतं त्या रविवारी. प्लांटची भिंत दिसत नव्हती, नुसतं पाणी पडत होतं. चौघं चालत होते, नवरा आणि सर्व्हेअर पुढे, ताई मधे, ती नवऱ्याच्या अगदी मागे, बाही लागेल इतक्या अंतरावर. सर्व्हेअरने सहज विचारलं की घरचं आणखी कुणी खेळतं का.

"बायको खेळायची," नवरा म्हणाला. "फार रागीट. चेंडू मारायची म्हणजे दाढ उपटायचीच ती." तो हसला. हसताना त्याचा आवाज मऊ झाला होता, इतका मऊ की तिने तो बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"मग सोडलं का त्यांनी?"

नवरा चालायचा थांबला. त्याने कपाळ चोळलं. ताईंकडे पाहिलं. ताईंनीही आठवून पाहिलं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"सोडलं असेल," तो म्हणाला. "काय की."

ती म्हणाली, मी इथं आहे. तिने ते नेहमीच्या आवाजात म्हटलं, कारण आपण ओरडलो आणि तरीही ऐकू गेलं नाही तर काय, ही भीती होती. कुणी वळलं नाही. धुक्यात तिघांच्या पाठी पुढे गेल्या.

पुढच्या भोकापाशी नवऱ्याने मारलं. ताईंनी मारलं. सर्व्हेअरने मारलं. ती नाडी बांधायला वाकली, सवयीने. आणि वाकलेली असतानाच तिला जाणवलं की ते तिघंही निघालेले नाहीत. ते उभे होते. नवरा बुटांकडे बघत होता. ताईंचा पाय ब्रेकवर. सर्व्हेअरने टोपी काढून छातीशी धरली होती.

ते कुणाचा तरी नंबर राखत होते.

मामांचा, असं तिला आधी वाटलं, आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं तर. पण मामांचा वेळ होऊन गेला. "हं" आलं, सुरसुर आली. तिघं हलले नाहीत. ते पुढेही थांबले: स्टिकवरची पकड तीनदा बदलायला लागावा तेवढा वेळ, उगाच दोनदा हवेत फिरवून बघायला लागावा तेवढा, पुटपुटत स्वतःला शिवी द्यायला लागावा तेवढा. ती मोकळी जागा तिला ओळखीची वाटली, आरशात अचानक आपली पाठ दिसावी तशी. तो वेळ तिचा होता. तिचा जुना, रागीट, वाईट खेळायचा वेळ. तो तिघांनाही पाठ होता.

मागे मानेपाशी मामांचा श्वास होता. शांत, माया असलेला. त्या श्वासाशी राहिलं तर पुढचा फटका आजवरचा सगळ्यात सुंदर होईल, हे तिला स्पष्ट कळत होतं. तो कुणी बघणार नाही हेही.

ती उठली. वाट पाहिली नाही. खांदे वर गेले ते जाऊ दिले. स्टिक आवळली, स्वतःला एक चांगली सणसणीत शिवी हासडली, आणि त्या तिघांच्या शांततेच्या ऐन मधोमध तिने सगळं अंग टाकून मारलं.

चेंडूच्या नुसत्या डोक्याला लागलं. तो गवताला घासत, दव उडवत, वेडावाकडा सुटला आणि कचऱ्याच्या पत्र्याच्या पिंपावर जाऊन असा काही आदळला की पाखरं उडाली.

तिघंही दचकले. सर्व्हेअरची टोपी पडली. ताईंचा पाय गवतात रुतला. नवरा वळला, त्याने पिंपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पुरतं पाहिलं.

"काय गं, निघाली का दाढ?"

ती रडायला लागली आणि हसायला लागली, दोन्ही एकदम. ताई म्हणाल्या, एवढं काय, आम्ही तर रोजच असं मारतो.

*

त्या फटक्याबद्दल एक सांगायला हवं. तो तिने शेवटपर्यंत पाहिला होता. चेंडू कसा डोकं हलवत गेला, दवाची एक रेघ मागे कशी उमटली, पिंपाचा आवाज आधी दबका आणि मग कसा मोठा झाला. वाईट फटकाही बघण्यासारखा असतो, हे तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तो पडायच्या आत तिने डोळे फिरवलेले असायचे.

मामांचा श्वास त्यानंतर आला नाही. तिने बोलावला नाही. तिच्याजवळ कान तेवढे उरले होते, तयार झालेले. ते तिने या लोकांकडे वळवले. नवरा मारायच्या आधी त्याचा गुडघा टक् करतो. ताई नाकाने श्वास घेतात आणि सोडायला विसरतात. सर्व्हेअर पुटपुटत अंतर मोजतो, आणि नेहमी जास्तच मोजतो. हे ऐकत उभं राहिलं की तिचा नंबर येईपर्यंत खांदे आपोआप खाली यायचे. कधी यायचे नाहीत. मग चेंडू भिंतीवर जायचा, आणि ती त्याला भिंतीपर्यंत पोचवायला डोळ्यांनी जायची. सुंदर खेळ गेला. रविवार राहिला. नवरा तिला नावं ठेवायचा आणि ती त्याला, आणि पेशंट पुन्हा तिच्या हातातला आरसा बघून घाबरायला लागले.

*

सर्व्हेअर हल्ली चांगला खेळू लागला होता.

ताईंचं झालं की तो लगेच पुढे होत नसे. हातमोज्याची बोटं एकेक करून ओढायचा. आभाळाकडे बघायचा. कधी नाडी. मग मारायचा, आणि चेंडू असा जायचा की नवरा आणि ताई नुसते बघत राहायचे. त्याचे विनोद कमी झाले. चेहरा तुकतुकीत, निवांत दिसायचा, चांगली झोप झालेल्या माणसासारखा.

ती मोकळी जागा गेलीच नव्हती. एक नंबर अलीकडे, ताई आणि सर्व्हेअरच्या मधे सरकली होती, इतकंच.

तिला हे पहिल्याच रविवारी कळलं. त्याला सांगायचं, हेही लगेच ठरलं. काय सांगायचं ते ठरेना. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी तुम्ही थांबताय, असं? आणि समजा त्याने ऐकलं, वाट बघायची सोडली, तर ती जागा पुन्हा कुठे सरकणार? त्याच्यानंतरचा नंबर तिचा होता. पुढच्या रविवारी सांगू, असं ती म्हणायची. पुढच्या रविवारी धुकं असायचं, किंवा तो लांब असायचा, किंवा तो इतका सुखात दिसायचा की तिच्याने बोलवत नसे. त्याच्याकडे तिचं लक्ष जरा कमीच जाऊ लागलं होतं, हे तिला उमगलं तेव्हा ती घाबरली.

आणि त्याच सकाळी ती बोलली. ताईंनी मारलं होतं. सर्व्हेअर हातमोजा ओढत उभा होता.

"अहो, मारा आता. तुमचाच नंबर आहे. मधे कुणी नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने हसला. हसला तिच्याकडे बघून, पण मान लवली ती तिच्या शेजारच्या कुणासाठी तरी.

"हो, हो. त्यांचं होऊ दे की."

"मारा म्हणते ना मी."

मागून नवरा आला. त्याच्या हातात स्टिक होती, गुडघा टक् झाला. तो तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, तिच्या नजरेच्या रोखाने त्याने बघितलं, नीट, डोळे बारीक करून, हिरव्या गवताकडे.

"अगं," तो म्हणाला, "कुणाशी बोलतेयस?"

*

त्या मैदानावर फार पूर्वी ज्या बाईचा नंबर सगळ्यात पहिल्यांदा राखला गेला, जिच्यापासून ही पद्धत पडली, ती बाई तेव्हा जिवंत होती.